स्टेपनीत हवा आहे ना?

मैत्रिणींनो, गावाला निघताना आपण काय काय बघतो? गॅस बंद केला का, नळ गळत नाही ना, देवापुढची समई शांत झाली का, मागचं दार लावलं का. कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघतो आणि चार पायऱ्या उतरून पुन्हा एकदा चढतो. इतकं सगळं बघणारी मी, पण गाडीच्या डिकीत सतरंजीखाली एक पाचवं चाक असतं आणि त्यात हवा असावी लागते, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ते ध्यानात आलं पाटणच्या पुढे, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे. गाडी नसली तरी वाचा, कारण गोष्ट नुसती चाकाची नाही.

दिवस होता १४ डिसेंबर २०२४. दुसरा शनिवार. सांगलीहून गुहागरला जायचं, दोन रात्री राहायचं आणि सोमवारी परत. दोघंच. लग्नाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत लग्नकार्यं, बारशी, देवदर्शनं, माहेर सगळं झालं, पण दोघांनीच कुठे जाणं काही झालं नव्हतं. सासूबाईच म्हणाल्या, "मी आहे नातवाजवळ. जाऊन या एकदा. तुम्ही दोघं हल्ली एकमेकांशी फक्त किराणा आणि शाळेची फी बोलता." त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. यांचं बोलणं तसंही मोजकंच. पण त्या महिन्यात ते अगदीच आटलं होतं. संध्याकाळी कारखान्यातून यायचे, चहा घ्यायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. विचारलं तर "काही नाही" हे ठरलेलं उत्तर.

ठरलं होतं सहाला निघायचं. आदल्या रात्री मी दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या, तिळाची चटणी केली, बटाट्याची कोरडी भाजी मात्र पहाटे करायची ठेवली. पण त्या दिवशी दत्तजयंती. आमच्याकडे संध्याकाळी जन्म, पाळणा, सुंठवडा सगळं असतं. सासूबाईंनी जायला सांगितलं होतं खरं, पण पहाटे उठून पाहते तर त्यांनी देवाची भांडी घासायला काढलेली आणि चौरंग माळ्यावरच. मग चौरंग काढा, हार आणा, सुंठ कुटून द्या. चिरंजीवांना नेमका तेव्हाच आठवला सोमवारचा चित्रकलेचा कागद. आणि हे गाडीची कागदपत्रं शोधत होते. ती शेवटी विजेच्या बिलांच्या फाइलीत सापडली. फाटकाबाहेर गाडी पडली तेव्हा पावणेनऊ वाजले होते. निघताना सासूबाईंनी सुंठवड्याचा डबा हातात दिला आणि बजावलं, "जन्म झाल्याशिवाय खायचा नाही हं. सूर्यास्तानंतर."

यांनी पोटात फक्त चहा घेतला होता. "वाटेत खाऊ" म्हणाले. ही त्या दिवशीची पहिली चूक, आणि ती मी चालू दिली.

आष्टा मागे पडलं, पेठ नाक्याला हमरस्ता लागला आणि जरा बरं वाटू लागलं. उसाचे ट्रॅक्टर आडवे येत होते, पण हंगामच तो. कऱ्हाडजवळ मात्र गाड्यांची रांग लागली. महामार्गाचं काम चाललेलं, त्यात लग्नसराई. मलकापूरपासून गाडी मुंगीच्या पावलांनी. एक तास गेला. यांनी कपाळ चोळलं आणि सहज विचारलं, "माझ्या गोळ्यांची पिशवी कुठंय?"

यांना अर्धशिशीचा त्रास आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी वेळेवर घेतली तर थांबतं, नाही तर दिवस गेला. ती पिशवी जेवणाच्या टेबलावर राहिली होती. मला वाटलं यांनी घेतली, यांना वाटलं मी भरली.

"तुझी बॅग एवढी मोठी, त्यात एक पिशवी मावली नाही?"

"माझ्या बॅगेत तुमचे चार शर्ट आहेत. तुमच्या बॅगेत काय आहे ते सांगा."

वाचताना तुम्हाला हसू येत असेल. पण भांडण गोळ्यांचं कधीच नसतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या मनात होतं, की घरातली प्रत्येक विसरलेली वस्तू माझ्याच नावावर का मांडली जाते? त्यांच्या मनात काय होतं ते मला पुढं कळलं. पाटण येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. पाटणला मी म्हटलं, "औषधाचं दुकान दिसतंय, थांबू या का?" तर म्हणाले, "मला काही झालेलं नाही." पुरुषांचा हा हट्ट कुठल्या दुकानात मिळतो कोण जाणे, पण तो घरोघरी एकाच मापाचा असतो.

पाटणच्या पुढे कोयना रस्त्याच्या सोबतीने चालते. हिवाळ्यातली हिरवी शेतं, पलीकडे डोंगर. बघण्यासारखं सगळं होतं, बघण्याचा मूड तेवढा नव्हता. आणि सव्वाबाराला गाडी एका अंगाला ओढू लागली. उतरून बघतो तर मागचं डावं चाक पार बसलेलं.

"स्टेपनी आहे," हे म्हणाले. बॅगा उतरवल्या, सतरंजी काढली, स्टेपनी बाहेर घेतली, जमिनीवर टाकली. ती उडायला हवी होती. ती नुसती थप्प करून पडली. गाडी घेतल्याला पाच वर्षं झाली. चार चाकांत दर महिन्याला हवा भरली जाते, पाचव्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी तोंड उघडलं, पण यांचा चेहरा बघून मिटलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंच काही होतं. एका चाकासाठी माणूस इतका खचत नाही.

तेवढ्यात दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला थांबला. न विचारता खाली उतरला, चाक दाबून बघितलं आणि म्हणाला, "पुढं हवा मारून मिळंल. बसा पाठीमागं." आता देखावा डोळ्यांपुढे आणा. मागे कॅनांच्या मध्ये आमचे हे, इस्त्रीच्या शर्टात, आणि मांडीवर बाळासारखं धरलेलं चाक. मला हसू फुटलं ते मी पदरात दाबलं. यांनी ते पाहिलं. पण नजर वळवून घेतली.

मी एकटी उरले. रस्त्यालगतच्या घरातून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सासूबाईंच्याच वयाच्या. "उन्हात का हुबी ऱ्हाईलीस? पडवीत ये." मी पडवीत बसले, पाणी प्याले. कुठून आलात, कुठं निघालात, पोरं किती, सगळं विचारून झालं. मग त्यांनी गाडीकडे बोट केलं. "तुला येती का गं चालवाय?"

"येते की. परवाना आहे माझा."

"मग त्या अंगाला का बसतीस?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी शिकवण्यांच्या पैशांतून क्लास लावला. आधी शिकाऊ परवाना, मग तीस दिवसांनंतर परीक्षा. पहिल्या फटक्यात पास झाले. त्या दिवशी पेढे वाटले घरात. आणि तेव्हापासून तो परवाना कपाटात साड्यांखाली. बाजारात जाताना "गर्दी आहे, मी घेतो". गावाला जाताना "रस्ता खराब आहे, मी घेतो". मीही "बरं" म्हणत आले. मागितली असती तर यांनी नाही म्हटलं असतं का? खरं सांगायचं तर मी कधी मागितलीच नव्हती. न मागता मनात हिशेब मात्र लिहीत राहिले. हे आपलं एक आहेच, नाही का?

पावणेदोनला चाक बसलं. दूधवाल्याने पैसे घेतले नाहीत. मी चार दशम्या आणि चटणी त्याच्या हातात ठेवली. पडवीतल्या बाईंना डब्यातलं काही देऊ लागले तर त्यांनीच मला ओंजळभर ओल्या पावट्याच्या शेंगा दिल्या. दिवस जरा कलला तो इथून, असं आता वाटतं. तेव्हा मात्र कळलं नव्हतं.

कोयनानगरला आम्ही नेहरू उद्यानात बसून जेवलो. समोर धरण. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते, तेव्हा कोयना मला तोंडपाठ: उंची १०३ मीटर, साठा १०५ टीएमसी, वीज १९६० मेगावॅट. पण आकडे शिकवणं वेगळं आणि त्या भिंतीसमोर बसून दशमीचा घास घेणं वेगळं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथं भूकंप झाला, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. माझी आजी सांगायची, सांगलीतसुद्धा फळीवरची भांडी धडाधड खाली आली होती. धरण तडकलं पण उभं राहिलं; पुढं त्याला आणखी भक्कम केलं. हे सगळं मी यांना सांगत होते. एरवी हे "हं" म्हणतात. त्या दिवशी "हं"सुद्धा नाही. अर्धी दशमी पानात तशीच.

"दुखतंय ना?" मी विचारलं.

"जरा," ते म्हणाले.

आणि हेळवाकच्या पुढे, घाट सुरू व्हायच्या जरा आधी, यांनी गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि उलटी केली. सकाळपासूनचं रिकामं पोट, ऊन, जागरण; अर्धशिशीला याहून मोठं आमंत्रण ते काय? मी पाणी दिलं, ओला रुमाल कपाळावर ठेवला, खिडकीला ओढणी लावून अंधार केला. अर्धा तास ते मान मागे टाकून पडून राहिले. चार वाजले. पुढे कुंभार्ली घाट, मागे पाटण, गोळी दोन्हीकडे लांब. आणि डिसेंबरातला दिवस, सहाला बुडणारा.

मी उतरले, गाडीला वळसा घातला आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "सरका. मी घेते."

त्यांनी डोळे उघडले. मला वाटलं म्हणतील, घाट आहे. ते म्हणाले, "चष्मा लाव." आणि कष्टाने उठून पलीकडे गेले.

आता घाटाबद्दल. क्लासमधल्या मास्तरांनी एक वाक्य सांगितलं होतं ते मी मोठ्याने म्हणत राहिले: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर गाडी बंद करून किंवा गिअर काढून सोडायची नाही. ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. खालचा गिअर गाडीला आपोआप आवरतो. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. वळणावर हॉर्न, आणि ओव्हरटेकची घाई मुळीच नाही. पहिल्या चार वळणांत माझे तळहात घामाने निसटत होते. मागून एका ट्रकने दोनदा हॉर्न दिला. मी जागा मिळताच त्याला पुढे जाऊ दिलं. माझं काय जात होतं? आणि शेजारी बघते तर यांचा उजवा पाय प्रत्येक वळणाला खालची चटई दाबतोय. तिथं ब्रेक नसतो हो! मी हसले. या वेळी तेही हसले, डोळे मिटूनच.

निम्मा घाट उतरल्यावर, माझे डोळे रस्त्यावर असताना, ते बोलायला लागले. कारखान्यातला त्यांचा विभाग मार्चपासून दुसऱ्या गावी हलणार. तिकडे जा, नाही तर नोकरी सोडा. कळून तीन आठवडे झाले होते.

तीन आठवडे! मी गिअर बदलला, वळण घेतलं, मगच विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांगितलं की ते खरं होतं. आणि गाडी हातात असली की कुणी काही विचारत नाही. समोर बघायचं असतं ना. म्हणून बरं वाटतं."

म्हणजे बघा. मला वाटत होतं, माझ्यावर भरवसा नाही म्हणून हे मला गाडी देत नाहीत. आणि यांनी ते चाक धरलं होतं ते गप्प बसायला एक जागा म्हणून. दोघंही आपापल्या हिशेबाने बरोबर, आणि मध्ये अकरा वर्षांचा रस्ता. मला रागही आला, खोटं कशाला बोलू? तीन आठवडे मी त्या भिंतीकडे बघणाऱ्या माणसापुढे चहा ठेवत होते आणि माझंच काही चुकलं का म्हणून कुढत होते. ते मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मला समोर बघायचं होतं, त्यांनाही समोरच. डोळ्याला डोळा नव्हता म्हणून असेल, पण जे घरात बोलता येत नाही ते त्या उतारावर बोलता आलं.

पोफळीजवळ घाट संपला. कोयनेचं पाणी इथं बोगद्यांतून येतं, डोंगराच्या पोटातल्या वीजघरांतून पडतं आणि वाशिष्ठीला मिळतं. नाही तर कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे निघालेली नदी. हे मी मुलांना दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवते. त्या दिवशी तोच बाण मी गाडीने उतरले.

साडेपाचला चिपळूण. यांच्या गोळीच्या चिठ्ठीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, मागच्या खेपेला सहज काढून ठेवलेला. तो दाखवून गोळी मिळाली. दुकानाजवळच्या टपरीवर बिस्किटं आणि कमी दुधाचा चहा, मग गोळी. दुकानदारांनी भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, बोट ठेवून दाखवलं, २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी इथवर होतं. सगळा माल गेला होता. "पण दिवाळीला दुकान उघडलं," ते म्हणाले. आमच्या पंक्चर चाकाची लाज वाटली मला.

ते चाकही तिथेच दुरुस्त करून घेतलं. खिळा निघाला, बोटाच्या पेराएवढा. तोवर सूर्य खाली गेला. समुद्रावरचा सूर्यास्त बघायचा म्हणून तर सहाला निघायचं होतं! तो चुकला. गुहागरच्या रस्त्याला लागल्यावर मोकळी जागा बघून मी गाडी थांबवली, कारण आभाळ अजून केशरी होतं आणि मला सासूबाईंची आठवण झाली. घरी आता पाळणा हलत असेल. यांनी डबा उघडला. सुंठ, खोबरं, साखर, खसखस. दिवसभर मळमळलेल्या जिभेला ती सुंठ अशी काही लागली म्हणता! यांनी दोन चिमटी खाल्ल्या आणि म्हणाले, "भूक लागली." सकाळपासूनचं त्यांचं ते पहिलं चांगलं वाक्य. मागे वळलो तर पूर्वेला डोंगरावर पौर्णिमेचा चंद्र वर आलेला. घरी फोन केला. चिरंजीव म्हणाले, "बाबांनी गाडी किती वेगाने चालवली?" हे म्हणाले, "आईने चालवली." पलीकडे एकदम शांत. मग "खरंच?" हा शब्द तीनदा.

सव्वासातला गुहागर. उशीर होतोय म्हणून आधीच कळवलं होतं, त्यामुळे घरगुती खानावळीच्या काकूंनी गरम भात, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी ठेवली होती. मी आणलेल्या शेंगा काकूंना दिल्या. सकाळी त्यांनी त्याची उसळ करून वाढली. जेवून आम्ही किनाऱ्यावर गेलो. चांदणं इतकं की वाळूवरच्या खेकड्यांची भोकंसुद्धा दिसत होती. भरती चढत होती. मार्चनंतरचं काय, ते त्या रात्री ठरलं नाही. चिरंजीवांची शाळा, सासूबाईंचे गुडघे, माझ्या तासिका, घराचे हप्ते, सगळं बोलून झालं आणि गाठ तशीच राहिली. पण आता ती दोघांच्या हातात होती. अकरा वाजता यांनी विचारलं, "सोमवारी घाट तू चढवणार का मी?"

मी म्हटलं, "निम्मा निम्मा."

मार्च २०२५ पासून हे तिकडे असतात, शनिवारी रात्री येतात. सोपं नाही, उगाच गोडवे गात नाही. गाडी माझ्याकडे असते. सासूबाईंना डॉक्टरांकडे मीच नेते, आणि त्या पुढे माझ्या शेजारी बसून प्रत्येक वळणाला "दत्तगुरू" म्हणतात. रविवारी आम्ही दोघं कुठे ना कुठे अर्धा तास गाडीने जाऊन येतो. बोलायला. कोण चालवणार, ते ज्याला जास्त बोलायचंय त्यावर ठरतं. तो शेजारी बसतो.

आता या सदराच्या रिवाजाप्रमाणे चार कामाच्या गोष्टी. कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

दर महिन्याला हवा भरताना पाचवं चाकही भरून घ्या. किती भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. हवा चाकं थंड असताना बघावी. लांब चालून तापलेल्या चाकात आकडा जास्त दिसतो.

जॅक आणि पाना कुठं आहे ते घरीच, अंगणात, एकदा काढून बघा. चाकाचे नट आधी थोडे सैल करायचे, मग जॅकने गाडी उचलायची. उलट केलंत तर चाक नुसतं फिरत राहतं. जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, आणि मागे लाल त्रिकोण ठेवायचा.

रोजच्या औषधांच्या दोन पिशव्या करा. एक घरात, एक प्रवासाच्या बॅगेत कायमची. बॅगेतली पिशवी गाडीत उन्हात ठेवायची नाही. मुदत संपल्याची तारीख दर तीन महिन्यांनी बघा. चिठ्ठीचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये हवा.

घाटाच्या प्रवासात पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. ज्यांना मळमळतं त्यांनी पुढे बसावं, लांब बघावं, मोबाइलमध्ये डोकं घालू नये. सुंठवडा किंवा आलेपाक जवळ असावा. त्यासाठी दत्तजयंतीची वाट बघायला नको.

डबा नेताना दशम्या दुधात भिजवा, दोन दिवस मऊ राहतात. एक डबा जास्तीचा न्या. वाटेत कोण देवासारखं भेटेल सांगता येत नाही.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडली तर १०३३, आणि कसलाही जिवावरचा प्रसंग आला तर ११२ हे क्रमांक लक्षात ठेवा.

आणि शेवटची एक. तुमचा परवाना साड्यांखाली असेल तर तो आज बाहेर काढा. मुदत बघा. मग यांना, त्यांना, ज्यांना विचारायचं त्यांना सरळ विचारा, "किल्ली देता का?" कदाचित ते फक्त इतकंच म्हणतील, "चष्मा लाव."